मीठ कमी केलं, काटा खाली आला. हे खरं वजन धरायचं का?

बालाघाटी

नमस्कार मंडळी. मुक्काम लातूर, काम दिवसभर खुर्चीवरचं, वय 41. डॉक्टरांनी सांगितलं, बीपी काठावर आलंय, गोळी लगेच नको, आधी वजन उतरवा आणि मीठ कमी करा. दोन्ही एकदमच सुरू केलं. पहिल्याच आठवड्यात काटा दोनेक किलोनं खाली आला, घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मग औशाला भावकीतलं लग्न निघालं. हळदीपासून पाठवणीपर्यंत पंगती झाल्या, आणि परत येऊन काट्यावर उभा राहिलो तर गेलेलं सगळं वजन जागेवर हजर.

दोन दिवसांत दोन किलो चरबी चढते का हो? हा पहिला प्रश्न.

दुसरा असा की, मीठ कमी करायचे तक्ते शोधले की बर्गर, पिझ्झा, चीज, डब्यातलं सूप असलंच समोर येतं. आमच्या ताटात ज्वारीची भाकरी, वरण, एखादी भाजी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. यातलं मीठ नेमकं कुठून काढायचं, ते आपल्याकडच्या लोकांनी सांगावं. ओट्स सुचवणाऱ्यांना आधीच रामराम.

हुरडाप्रेमी

ठेच्याला हात लावायचा नाही. बाकी चर्चा चालू द्या.

ओपीडीनंतर

बालाघाटी, दोन दिवसांत दोन किलो चरबी चढत नाही आणि आठवड्यात दोन किलो सहसा उतरतही नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. गरजेपेक्षा रोज 500 कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास चरबी जाते. तुमचं जे गेलं आणि जे आलं त्यात मोठा वाटा पाण्याचा आहे.

सलाईनची बाटली सगळ्यांनी बघितलेली असते. नेहमीच्या सलाईनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, कारण रक्ताच्या खारटपणाशी ते प्रमाण जुळतं. हा खारटपणा शरीर सहजासहजी ढळू देत नाही. जास्तीचं मीठ पोटात गेलं की तहान लागते, मूत्रपिंड पाणी राखून ठेवतं, आणि ते मीठ लघवीवाटे निघून जाईपर्यंत सोबतचं पाणीही अंगातच राहतं. म्हणजे 9 ग्रॅम मीठ जास्तीचं साचलं तर त्याच्याबरोबर लिटरभर पाणी, आणि काट्यावर एक किलो. लग्नातली मसाल्याची भाजी, भजी, पापड, लोणचं, मठ्ठा एवढं दोन दिवस झाल्यावर हे व्हायला वेळ लागत नाही.

वर पिष्टाचा भाग वेगळाच. भात, पोळी, गोड हे कमी केलं की यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा उतरतो. त्याच्या एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही जातं. जिलबी आणि मसालेभातानं तो साठा पुन्हा भरला.

मग मीठ कमी करून मिळतं काय? बीपी. अमेरिकेत डॅश-सोडियम नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2001 मध्ये आले. त्यात लोकांचं वजन मुद्दाम जैसे थे राखलं होतं आणि जेवणातलं सोडियम, म्हणजे मुख्यतः मिठातून येणारं, तीन पातळ्यांवर बदललं होतं. सोडियम उतरलं तसा रक्तदाब उतरला. वजन हललं नसतानाही उतरला, हे महत्त्वाचं. तेव्हा बीपीचं खातं वेगळं आणि चरबीचं वेगळं. मिठात कॅलरी शून्य असतात, त्यामुळे नुसतं मीठ सोडून ढेरी जाणार नाही.

मर्यादा लक्षात ठेवायला सोपी आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत सोडियम सांगते, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत मीठ, सपाट चहाचा चमचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वंही 5 ग्रॅमच म्हणतात. जगाची सरासरी याच्या दुपटीच्या वर आहे.

बालाघाटी

म्हणजे पेढे वाचले. पण डॉक्टरसाहेब, चमचा मोजून घरात कोण स्वयंपाक करतं? आमच्याकडं मीठ मुठीनं पडतं.

कारळाची_चटणी

मी परभणीची. चमचा मोजू नका, पुडा मोजा. माझ्या वडिलांच्या बीपीच्या वेळेस आम्ही हेच केलं.

घरात माणसं चार धरा. माणशी 5 ग्रॅम, तीस दिवस, म्हणजे महिन्याला 600 ग्रॅम. मिठाचा किलोचा पुडा फोडला की त्यावर पेनानं तारीख लिहायची. तो महिनाभरातच संपला तर माणशी 8 ग्रॅमच्या वर चाललंय असं समजा. पाहुणेरावळे, भाज्या धुवायला घेतलेलं, सांडलवंड एवढं वजा करा. पण जमेलाही धरा, कारण बाहेरून आणलेला चिवडा, शेव, बिस्किटं, पाव या पुड्यात नाहीत आणि लोणच्याचं मीठ उन्हाळ्यात वेगळं आणलेलं असतं. पुडा पन्नास दिवस पुरायला लागला की समजायचं आपण ताळ्यावर आलो.

आता ताट. आपल्याकडं ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतं, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचं कौतुक कुणी करत नाही. पावाच्या दोन कापांत अडीचशेच्या आसपास मिलिग्रॅम सोडियम येतं, वर काही न लावता. भाकरीत नावापुरतं. म्हणून भाकरी सोडून ब्राऊन ब्रेडवर जाणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आपलं मीठ बसलंय तोंडी लावण्यात. वरण-भाजीत ते असतंच, पण तिथं चव बघून हात आवरतो. ठेचा, चटणी, लोणचं, तळलेली सांडगी मिरची, पापड, ताक यांना मात्र कुणी मीठ म्हणून मोजत नाही. पेलाभर ताकात अर्धा चमचा मीठ घालून प्यायलं तर दिवसाच्या कोट्यातला निम्मा तिथंच संपला, आणि प्यायलेला माणूस म्हणतो मी तर आज नुसतं ताकच घेतलं.

डॉक्टर म्हणाले मिठात कॅलरी नाही, ते खरंच. पण बाईमाणूस म्हणून ताटाशेजारी बसून जे दिसतं ते सांगते. चटणी झणझणीत आणि खारट असली की अजून एक भाकरी जाते. मध्यम भाकरीला 70 ग्रॅम पीठ धरा, सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी झाल्या. शेंगदाण्याची चटणी तर स्वतःच जड, शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी, त्यावर तेलाची धार. आमच्याकडं चटणीतलं मीठ उतरवलं तेव्हा ती आपोआप कमी खाल्ली गेली. वजनावर मिठाचा परिणाम झाला असेल तर असा, आडवाटेनं.

करायचं काय तर आंबट वाढवा. चिंच, लिंबू, आंबट चुका, अंबाडी, यातलं काहीतरी घरात असतंच. चुक्याच्या भाजीला आणि अंबाडीला मीठ निम्मं लागतं, करून बघा. लसूण भाजून घाला. तीळ, कारळं, जवस खमंग भाजले की चटणी मिठावर अवलंबून राहत नाही. भाजीत मीठ शेवटी टाका, शिजताना टाकलेलं आत मुरतं आणि जिभेला कमी लागतं. येसरात (आमटीसाठीच्या भाजलेल्या मसाला-पिठात) आमच्या घरी मीठ घालतच नाहीत, आमटी करताना पडतं, त्यामुळे तिथं सोपं गेलं. सुशीला (मुरमुऱ्यांचा नाश्ता) करताना मात्र मुरमुरा आधी चाखायचा. भट्टीवर तांदूळ खारवूनच भाजलेला असतो. भिजवून घट्ट पिळला की थोडा खारटपणा जातो, मग लागलं तरच मीठ.

आणि एकदम अर्ध्यावर येऊ नका. घरात बंड होतं. थोडं थोडं उतरवा, काही आठवड्यांत जीभ रुळते आणि मग दुसऱ्याच्या घरचं जेवण खारट लागायला लागतं. (सासरी हे बोलून दाखवायचं नसतं, हा वेगळा धडा.)

हुरडाप्रेमी

ताई, ठेच्याचं काय ते सांगितलंच नाही.

कारळाची_चटणी

सांगते. हिरवी मिरची आणि लसूण तव्यावर चांगले डाग पडेपर्यंत भाजा, दाणे थोडे, कोथिंबिरीच्या काड्या भरपूर, आणि मीठ नेहमीच्या निम्मं. खलबत्त्यात जाडं मीठ घ्यायची सवय असेल तर ते शेवटच्या दोन घावांत घाला. पूर्ण विरघळत नाही, खडा जिभेवर येतो आणि कमी असूनही पुरतं. तुमचा ठेचा शाबूत राहिला.

शुद्ध_सात्त्विक

मूळ दोष पुड्यातल्या रिफाइंड मिठाचा आहे. आमच्या घरात फक्त सैंधव. सैंधव कितीही खा, बीपी वाढत नाही, उलट वजन उतरतं. आपले पूर्वज वेडे नव्हते.

ओपीडीनंतर

सैंधवही बहुतांश सोडियम क्लोराइडच आहे. गुलाबी रंग देणारी इतर खनिजं इतकी कमी असतात की त्यांचा उपयोग मोजण्यासारखा नाही. पादेलोणाचं तेच. "कितीही खा" हा त्यातला सगळ्यात धोकादायक भाग, कारण लोक खरंच तसं खातात. दुसरी गोष्ट, सैंधवात आयोडीन घातलेलं असेलच असं नाही. गलगंड मागे हटला तो आयोडीनयुक्त मिठामुळे. मीठ कमी खा, पण जे खाल ते आयोडीनयुक्त असू द्या. उपवासाच्या दिवशी सैंधव वापरायला कुणाची हरकत नाही.

शुद्ध_सात्त्विक

तुम्ही ॲलोपॅथीवाले असंच म्हणणार.

मन्याडकाठ

उपवासाचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्याकडं एकादशीला वजन वाढतं. साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटात लोळवलेली, बटाट्याचा तळलेला चिवडा, वर उपवासाची मिरची. मीठ सैंधव असलं तरी देवाला आणि काट्याला दोघांनाही कळतंच की.

मोसंबी_जालना

काहून सगळ्यांनाच मीठ सोडा म्हणायले? एसीत बसणाऱ्याचं बरोबर असंल. मे महिन्यात 43 डिग्रीत बागेत ठिबकच्या नळ्या दुरुस्त करणाऱ्यानं काय करावं? दुपारपर्यंत सदरा वाळून पांढरा पडतो, ते मीठच आहे ना? आमच्या गड्यानं कुणाचं ऐकून मीठ बंद केलं आणि चार वाजता त्याच्या पोटऱ्यात असे गोळे आले की उचलून सावलीत आणावं लागलं.

ओपीडीनंतर

मोसंबी, बरोबर पकडलंत, हे कुणीतरी बोलायला हवं होतं. एक लिटर घामातून साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं, माणसामाणसात फरक पडतो, आणि उन्हाची सवय झालेल्या अंगातून कमी जातं. दिवसभर उन्हात राबणाऱ्याचे लिटरच्या लिटर जातात. त्याला 5 ग्रॅमचा नियम जसाच्या तसा लावू नये. नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि मीठ काहीच नाही, तर रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. त्याला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, ताक, गरज पडली तर ओआरएस द्यायचं. शुद्धीत गडबड वाटली तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठायचा.

उलट बाजूही सांगतो. ओआरएसच्या एका लिटरात 1700 मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. ते जुलाब, उलट्या, भरपूर घाम यासाठी आहे. ऑफिसात बसून "ऊन वाढलंय" म्हणत पुड्यामागून पुडा पिणाऱ्यांनी दिवसभराचं मीठ तिथंच उरकलेलं असतं.

एक वर्ग विशेष जपायचा: बीपीच्या गोळीत लघवीचं औषध असलेले, म्हणजे क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, आणि त्यातही म्हातारी माणसं. त्यांनी एप्रिल-मेमध्ये मीठ एकदम तोडू नये. आधी डॉक्टरला विचारावं.

गोदाकाठ

नांदेडहून. याच्याशी लागून एक. बाबांना बीपी आणि मूत्रपिंडाचा थोडा त्रास, टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू. एका दुकानात "हे बीपीवाल्यांचं मीठ" म्हणून कमी सोडियमचा पुडा दिला. आईनं श्रद्धेनं तोच वापरला. पुढच्या तपासणीत पोटॅशियम वाढलेलं निघालं. बाबांना काहीच जाणवत नव्हतं, तपासणीची तारीख जवळ होती म्हणून कळलं. पुडा उलटा करून वाचला तर मागं बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड. मग हे मीठ वाईटच का?

ओपीडीनंतर

वाईट नाही, पण सगळ्यांसाठी नाही. चीनमध्ये ग्रामीण भागातल्या 600 गावांत जवळजवळ 21 हजार लोकांवर मोठी चाचणी झाली, 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या गावांना साधं मीठ, निम्म्यांना 75 टक्के सोडियम क्लोराइड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण. मिश्रणवाल्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी निघालं. जागतिक आरोग्य संघटनेनंही जानेवारी 2025 मध्ये घरगुती वापरासाठी अशा मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचा आजार असलेले, गरोदर बायका आणि मुलं यांना वगळून.

कारण साधं आहे. जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंड बाहेर टाकतं, ते मंदावलं की पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधंही पोटॅशियम वर नेतात. तुमच्या बाबांकडं दोन्ही कारणं होती. असं मीठ घ्यायच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासा, दुकानदाराला विचारू नका.

डंबेल_संभाजीनगर

काका लोक, एवढं कशाला? फोटोशूटच्या आधी आम्ही बॉडीवाले मीठ शून्य करतो, पाणी पण तोडतो, तीन किलो साफ. कट्स एकदम बाहेर.

ओपीडीनंतर

आणि शूटनंतर तीन किलो परत. ते बालाघाटींचं लग्नच आहे, फक्त उलट क्रमानं. पाणी तोडून केलेलं हे प्रकरण जिवावर बेतू शकतं, इथं कुणी करू नये.

डंबेल_संभाजीनगर

ओके सर.

बोअरचं_पाणी

बीड. आमच्या बोअरचं पाणी खारं, चहा फाटतो. मीठ कितीही कमी केलं तरी पाण्यातून जात असेल ना? म्हणून सॉफ्टनर बसवावा म्हणतोय.

ओपीडीनंतर

पाण्याचा जडपणा मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा, सोडियम किती ते तपासणीशिवाय कळत नाही. आणि सॉफ्टनर तर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, त्यासाठीच त्यात मीठ भरावं लागतं. अंघोळीला, कपड्याला ठीक. प्यायला वेगळी सोय करा. पाणी प्रयोगशाळेत देऊन आकडा बघा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा.

बालाघाटी

बऱ्याच गोष्टी कळल्या. घरी बसून थोडी शोधाशोध केली, ती इथं टाकतो.

पाकिटांवर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ. माझ्या टेबलाच्या खणातल्या मसाला शेंगदाण्यापासून नूडल्सपर्यंत सगळं गुणून बघितलं, नूडल्सचं एक पाकीट जवळजवळ अर्धा दिवस खातंय. शिवाय सोडियम फक्त मिठातूनच येतं असं नाही. खायच्या सोड्यात 27 टक्के सोडियम आहे, अजिनोमोटोत 12 टक्क्यांच्या आसपास, आणि पापडखार हाही सोडियमचाच क्षार. म्हणजे ढोकळा, भजी, पापड चवीला खारट नसले तरी खात्यात जमा.

आता अडचण सांगतो. आईचं वाळवण. गच्चीवर कुरडया, खारोड्या, पापड, सांडगे, सगळं झालेलं आहे, डबे भरलेत. यंदा नको म्हटलं तर दुष्काळ पडल्यासारखं तोंड करते. मला बीपी आहे म्हणून घरादारानं खारोडी सोडायची का?

मन्याडकाठ

खारोडी सोडणाऱ्याला मराठवाड्यात राहू देत नाहीत.

कारळाची_चटणी

आईंना काही बोलू नका, बिचाऱ्या उन्हात बसून करतात. डबे संपू द्या. फक्त पापड-कुरडई रोजच्या ताटातून उठवून सणावारी आणा, आणि तळण्याऐवजी पापड भाजा. मीठ तेवढंच राहतं पण तेल वाचतं, तुमचा अर्धा प्रश्न तर वजनाचाच आहे. पुढच्या उन्हाळ्यात खारोडीच्या बाजरीत मीठ हात राखून घालायला सांगा. वाळल्यावर मीठ दाट होतं, ओल्या पिठात बेताचं लागलं की वाळल्यावर जास्त होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. जिरं, लसूण, तीळ वाढवा म्हणावं. खारोडीत मीठ चवीपुरतं असतं, ती टिकते वाळल्यामुळं. लोणच्याचं तसं नाही. तिथं मीठ कमी केलं तर बुरशी धरते, म्हणून लोणचं करताना मीठ तोडू नका, वाढताना फोड लहान घ्या.

बालाघाटी

आणि सांडगी मिरची? ती तर मिठानंच भरलेली.

कारळाची_चटणी

तिचीही लोणच्यासारखीच गत, मीठ कमी केलं की वाळायच्या आत बिघडते. तुम्ही एक मिरची तळून दहीभातात चुरा, भातात आणि दह्यात वेगळं मीठ घालू नका. एका मिरचीत वाडगाभर भात होतो.

ओपीडीनंतर

चालेल. बीपी घरच्या मशीनवर सकाळी, जेवणाआधी, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. काटा आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, त्याच वेळी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर चढू नका. आणि पायावर सूज दिसायला लागली, बोटानं दाबल्यावर खळगा राहायला लागला, तर मिठावर ढकलून घरी बसू नका, दाखवून या.

बालाघाटी

मशीन आजच आणतो. पुढच्या महिन्यात उदगीरला अजून एक लग्न आहे, तिथला मठ्ठा चालेल का?

ओपीडीनंतर

अर्धा पेला.